खडेमीठ

रखमाजीनं मोटरीचं बटण दाबलं आणि पाइपातून पाण्याची पहिली गुळणी बाहेर पडते न पडते तोच परत बंद केलं. मोटर चालू असली की फोनची रिंग ऐकू येत नाही, हे त्याला सकाळपासून कळून चुकलं होतं. आणि मोटर बंद ठेवली की नुकतीच लावलेली कांद्याची रोपं डोळ्यांदेखत माना टाकत होती. दुपारनंतर लाईट जाणार होती. शेवटी त्यानं फोन सदऱ्याच्या खिशातून काढला आणि बंडीच्या आतल्या खिशात, थेट छातीला लागेल असा कोंबला. वाजलेला ऐकू आला नाही तरी थरथरलेला कळेल. मग मनाचा हिय्या करून त्यानं मोटर चालू केली.

पाणी पाटानं धावत सुटलं आणि त्याच्यामागं रखमाजी. एक वाफा भरायचा तर तिथं खोरं टेकवून उभं राहावं, तंबाखू मळावी, पाणी शेवटच्या रोपापर्यंत पोचू द्यावं. पण हा गडी मध्येच बांधावर चढून रस्त्याकडं बघून येई, विहिरीपाशी जाऊन उगाच पाइपाला हात लावून येई, आणि परत येईतो वाफा फुटून पाणी तिसरीकडंच चाललेलं असे. मग स्वतःलाच एक शिवी हासडून चिखलानं वाफ्याचं दार बंद करी.

तसा तो जन्माचाच असा. पिंपरी पेंढारात त्याच्या चुळबुळीची थट्टा करायला कुणाची परवानगी लागत नसे. लग्नाच्या पंगतीत वाढपी भात घेऊन परत यायच्या आत रखमाजी हात धुऊन मोकळा. बैलगाडा शर्यतीच्या घाटात पळायची बारी दुसऱ्याची असली तरी कडेनं धावणार हा. पायाला भिंगरी लागलेला माणूस, असं त्याची बायको ठमाबाई लग्न झाल्यापासून सांगत आली होती, आणि तेही जरा कौतुकानंच.

आज मात्र कुणी थट्टा केली नव्हती. गावाला ठाऊक होतं. रखमाजीच्या पाच महिन्यांच्या नातवाला, स्वराजला, आज सकाळी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात आत घेतलं होतं.

स्वराज दोन महिन्यांचा असताना पहिल्यांदा झालं. दूध तोडलं, कपाळावर घामाचे थेंब आले, ओठ पांढुरके पडले. सून हर्षाली म्हणाली, दात येण्याचा ताप असेल. ठमाबाई म्हणाली, एवढ्यात कसले दात. तिनं पोराचं झबलं वर केलं. छातीच्या कातड्याखाली काहीतरी फडफडत होतं. मोजायला गेलं तर आकडे तोंडात मावत नव्हते. नारायणगावच्या डॉक्टरांनी ठोक्यांची पट्टी काढून बघितली आणि चहासुद्धा न पिता पुण्याला जायला सांगितलं.

जन्मतःच हृदयात एक जादा वाट राहून गेलेली, असं निदान निघालं. ठोका ज्या वाटेनं जायला हवा त्या वाटेनं जातो आणि या चोरवाटेनं परत मागं येतो, पुन्हा जातो, पुन्हा येतो. त्याला थांबवायला कुणीच नाही. औषध सुरू झालं. चार दिवस बरे गेले आणि पुन्हा फडफड. औषध बदललं. मग दोन औषधं एकत्र. प्रत्येक वेळी घरात थोडा जीव येई आणि प्रत्येक वेळी पोराची छाती त्यावर पाणी ओती.

दवाखान्यातल्या सिस्टरनं एक उपाय शिकवून ठेवला होता. ठोके पळायला लागले की बर्फाच्या पाण्याची थंडगार पिशवी पोराच्या कपाळावर आणि डोळ्यांवर दाबून धरायची, नाक-तोंड मोकळं ठेवून, थोडाच वेळ. त्या गारठ्याच्या दणक्यानं कधी कधी हृदय ताळ्यावर येतं. सांगायला सोपं होतं. हर्षालीनं पिशवी उचलली आणि तिचा हात इतका थरथरला की पिशवी खाली पडली. मुलाची, भरतची, चाकणला कंपनीत पाळी. ठमाबाईनं तर सरळ तोंड फिरवलं. राहिला रखमाजी.

आणि मोठी नवलाची गोष्ट म्हणजे ज्या माणसाला घटकाभर बसवत नव्हतं, त्याचा हात ती पिशवी धरताना दगडासारखा स्थिर राही. पोर आधी दचके, मग श्वास अडकल्यासारखं करी, मग लालबुंद होऊन किंचाळे. रखमाजी त्याच्याकडं बघत नसे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघे. कधी त्या किंचाळीबरोबर छाती ताळ्यावर येई. कधी येत नसे, आणि मग रात्री-अपरात्री गाडी काढून पुणं गाठायचं.

पोरं लवकर शिकतात. स्वराज चार महिन्यांचा झाला तेव्हा तो आजीला बघून हसत होता, शेजारच्या मांजराला बघून हसत होता, आणि रखमाजीच्या मिशा दारात दिसल्या की ओठ काढून रडायला लागत होता. रडला की ठोके पळायची भीती. म्हणून रखमाजी आपल्याच घरात खोकून, चाहूल देऊन, पोराला आत नेलं की मग ओट्यावर चढायचा. यावर कुणी बोललं की म्हणे, "पोरगं हुशार हाय. मानूस वळखतं."

गेल्या महिन्यात बर्फही चालेनासा झाला. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं. वयानं भरतपेक्षाही लहान वाटत होत्या. कागदावर त्यांनी एक छोटं हृदय काढलं आणि त्यात एक तांबडी रेघ ओढली.

"ही ती वाट," त्या म्हणाल्या. "जांघेतल्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत न्यायची. ही वाट नेमकी कुठं आहे ते शोधायचं आणि तारेच्या टोकानं तेवढीच जागा जाळून बंद करायची."

"जाळायची?" रखमाजीनं विचारलं.

"हो आजोबा. अगदी टाचणीच्या डोक्याएवढी."

"मोठं झाल्यावर न्हाई का करता येनार?"

"मोठ्या मुलांमध्ये करायला आम्हालाही आवडतं. एवढ्या लहान बाळात सहसा करतच नाही. पण औषधं हरलीत, आणि इतकं पळून पळून त्याचं हृदय थकायला लागलंय. आता वाट बघण्यात जास्त धोका आहे." मग त्यांनी त्या तांबड्या रेघेवर पेन टेकवलं. "याच्यातही आहे. हृदय त्याच्या मुठीएवढं आहे, आणि चोरवाटेच्या शेजारूनच खरी वाट जाते. तिला धक्का लागला तर आयुष्यभर मशीन बसवावं लागेल. आणि जिवाचा धोकाही आहे, ते मी लपवणार नाही."

परत येताना गाडीत, आळेफाटा आला तेव्हा, रखमाजीच्या तोंडून निघून गेलं, "मानसाला मेल्यावर जाळत्यात. लेकराला तर मेल्यावर बी जाळत न्हाईत, पुरत्यात. आन ह्ये जित्याला जाळनार."

"आबा, तसं जाळणं नाही ते," भरत म्हणाला. हर्षालीनं पोराच्या कानावर हात ठेवला.

निघायच्या दिवशी रखमाजी इस्त्रीचा सदरा घालून ओट्याखाली उभा होता. हर्षालीची आई शिनोलीहून आली होती, ती गाडीत बसलीसुद्धा. भरत बापाजवळ आला आणि चपलेनं माती उकरत म्हणाला, "आबा, तुम्ही घरीच थांबा. आईपण थांबतीये, गाईचं बघायला. तिथं त्याला रडू द्यायचं नाही, असं सांगितलंय. आणि तुम्हाला बघितलं की..."

"हां, हां," रखमाजी म्हणाला. "कांद्याला पानी बी द्यायचंच हाय."

तेच पाणी तो आज देत होता.

चौथा वाफा भरत असताना छातीपाशी फोन थरथरला. खोरं तिथंच टाकून तो मोटरीच्या आवाजापासून लांब पळाला, बांधावर चढला, घाईत बंडीचं बटण तुटलं.

"बोल रं, भरत."

"आबा..." पलीकडून भरतचा आवाज फुटत होता. या बांधाला रेंज कधीच धड मिळत नसे. "आबा, डॉक्टर आत्ता बाहेर आल्या..."

"मंग?"

"शांत झालं, आबा."

आणि भरत रडायला लागला. तिसाव्या वर्षी बापाच्या कानात हुंदके देऊन रडला. मध्येच "हर्षालीला...", मध्येच "सगळं शांत झालं..." एवढंच कळलं आणि फोन तुटला.

पिंपरी पेंढारात जनावर मरतं. माणूस मरत नाही, तो शांत होतो. गेल्या साली चिमाजीअण्णा गेले तेव्हा असाच फोन आला होता: अण्णा शांत झाले. रखमाजीची आई गेली तेव्हा त्याच्या बापानं आडातून पाणी ओढणाऱ्या रखमाजीला हेच दोन शब्द सांगितले होते. रखमाजीला दुसरा अर्थ ठाऊक नव्हता, आणि सांगणारा तर हुंदके देत होता, मग शंका तरी कशाची घ्यायची.

त्यानं परत फोन लावला नाही. लावून विचारायचं काय? पोटच्या पोराला तेच वाक्य दुसऱ्यांदा म्हणायला लावायचं? त्यानं फोनचं लाल बटण दाबून धरलं, पडदा काळा झाला, आणि फोन खिशात टाकला. सकाळपासून जपलेल्या त्या फोनचं आता काही काम उरलं नव्हतं.

आणि त्याला बरं वाटलं.

हे सांगायला जड जातं, पण झालं तसंच. रडू नंतर आलं असतं, छातीत कळ नंतर आली असती. सगळ्यात आधी, बांधावर उभ्या उभ्या, त्याच्या अंगातून एक ताण सुटला. आता ती पिशवी धरायची नाही. आता त्या पोराचा श्वास अडकलेला बघायचा नाही. तीन महिने खांद्यावर घेतलेलं पोतं कुणीतरी मागून उतरवून घ्यावं तसा तो क्षणभर हलका झाला. मग आपण हलके झालो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो बांधावर मटकन खाली बसला.

फार वेळ बसला नाही. पुण्याहून गाडी यायला दुपार टळेल. गाडी वेशीत आली की भाऊबंद जमतील. कुणीतरी कुदळ उचलेल, कुणीतरी भरतला विचारेल, कुठं खणायचं रे? भरतनं बोट दाखवायचं? आपल्या पोराच्या जागेकडं? नाही. हे काम दुसऱ्या कुणाचं नाही, असं रखमाजीनं ठरवलं. घरी जाऊन ठमाबाईला सांगितलं की रडारड सुरू होणार आणि मग त्याला कुणी एकट्याला सोडणार नाही. तेव्हा आधी खड्डा, मग घर. तो मोटरीच्या खोपीतून कुदळ घेऊन आला.

जागा त्यानं नीट बघून घेतली. बांधावर करंजाचं झाड होतं, त्याच्याखाली नांगर जात नसे. माती मऊ होती. लांबी किती घ्यायची म्हणून त्यानं हात पुढं केला. कोपरापासून बोटांपर्यंत, आणि वर आणखी थोडं. बर्फाच्या वेळी पोर याच हातावर घ्यायचा तो, माप चुकणार नव्हतं. खोली मात्र त्यानं भरपूर धरली. उसात बिबट्याचा वावर होता, उथळ जागा उकरायला त्याला वेळ लागत नाही.

कुदळ पडत राहिली. इकडं तिकडं न बघता, एकदाही रस्त्याकडं न जाता रखमाजी खणत राहिला. कडा सरळ केल्या, बोटाएवढी मुळी दिसली तरी कापून काढली, खालचा दगड हातानं उचलून वर ठेवला. डोळ्याला पाणी येत नव्हतं, हेच त्याला भयंकर वाटत होतं.

"ओ आबा! काय राव, पानी कुठं सोडलंय तुमी? माझ्या लसनाचं तळं झालं!"

शेजारचा गेणभाऊ बांधावरून तणतणत येत होता. वाफा कधीच फुटला होता आणि पाणी त्याच्या रानात घुसलं होतं. रखमाजीला मातीनं माखलेला बघून गेणभाऊचा आवाज जरा खाली आला.

"कसला खड्डा ह्यो?"

"पाइप फुटलाय."

"पाइप हिकडनं कुठं गेलाय?"

"जुना हाय."

गेणभाऊनं खड्ड्याकडं बघितलं, रखमाजीकडं बघितलं. "पुन्याचा काय निरोप?"

"न्हाई आला अजून."

"येईल, येईल. व्हईल चांगलं. आना हिकडं कुदळ, मी दोन हात मारतो. तुमचं वय हाय का आता ह्ये?"

त्यानं कुदळीच्या दांड्याला हात घातला आणि रखमाजी वस्सकन अंगावर गेला. "हात लावायचा न्हाई! सांगितलं ना, माझं मी करतो! तू मोटर बंद कर आन जा!"

गेणभाऊ दोन पावलं मागं सरला. इतक्या वर्षांच्या शेजारात बांधाच्या भांडणातसुद्धा रखमाजी असा ओरडला नव्हता. त्यानं मोटर बंद केली आणि निघून गेला.

खड्डा झाला. रखमाजी वर चढून काठावर उभा राहिला, आणि त्याला आठवलं की मीठ नाही. लेकराला पुरताना खाली खडेमीठ घालतात, वरूनही घालतात. त्याच्या आजोबांनी घातलं होतं, बापानं घातलं होतं. मीठ घरी. गाईच्या आंबोणात घालायला आणलेली पिशवी माळवदाच्या खोलीत फळीवर होती. म्हणजे ठमाबाईसमोर जावंच लागणार. त्यानं खोरं खांद्यावर टाकलं आणि घराची वाट धरली. वाटेत तो तोंडातल्या तोंडात शब्द जुळवत होता. अगं, भरतचा फोन आला व्हता. अगं, आपला स्वराज. पुढं जुळत नव्हतं.

ठमाबाई ओट्यावरच उभी होती. त्याला बघताच पायऱ्या उतरून ती समोर आली.

"आवं, फोन का बंद ठिवलाय तुमी? भरत कवाधरनं लावतोय!"

रखमाजीनं तिच्या तोंडाकडं बघितलं नाही. जुळवलेलं सगळं विसरून त्यानं एवढंच म्हटलं, "खडंमीठ दे. पिशवीच दे."

"मीठ काय मागताय!" ती म्हणाली आणि मुठीतली साखर त्याच्या तोंडात कोंबली. अर्धी मिशांवर सांडली. "गोड खा आधी. झालं बरं. हर्षालीचा फोन आला व्हता शेजारच्या श्रेयाच्या मोबाईलवर. ती वाट म्हनं जळली. ठोकं शांत झालं. समद्या मशिनी बघून डॉक्टरीणबाई म्हनल्या, शांत झालं आता. पोरगं डोळं उघडून आईकडं बघतंय आन भूक लागली म्हनून बोंबलतंय!"

साखर रखमाजीच्या जिभेवर तशीच राहिली.

"काय शांत झालं?"

"ठोकं वो! पळायचं न्हाई का घोड्यावानी, त्ये पळायचं थांबलं. भरत तर म्हनं रडूनच सांगत व्हता तुमाला. सांगितलं न्हाई त्यानं?"

"सांगितलं," रखमाजी म्हणाला. "सांगितलं त्यानं."

त्यानं खोरं भिंतीला टेकवायचा प्रयत्न केला, ते घसरून पडलं. मग तो पायरीवर बसला आणि इतका वेळ न आलेलं रडू आलं. घसा मोकळा सोडून, लहान पोरासारखं, नाक वाहेपर्यंत तो रडला. साखर विरघळून घशात उतरत होती आणि त्याला ठसका लागत होता. ठमाबाई त्याच्या पाठीवर थापट्या मारत हसत होती. "आता काय झालं रडाया? आता तर झालं की बरं!"

हसता हसता तिचं लक्ष त्याच्या हातांकडं गेलं. कोपरापर्यंत सुकी माती. धोतर मांडीपर्यंत मळलेलं, आणि तो कांद्याच्या रानातला काळा चिखल नव्हता. खालची तांबडी माती होती, खोल खणल्याशिवाय न लागणारी. तिची थापटी थांबली.

"मीठ कशाला व्हवं व्हतं?" तिनं विचारलं.

"दिष्ट काढाया," रखमाजी नाक पुसत म्हणाला. "पोराची. आल्यावर."

"बरं."

ती आत गेली. फळीवरची पिशवी खाली काढल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली तेव्हा पिशवी तिच्या हातात नव्हती, कागदात बांधलेली एक चिमूट होती. ती तिनं देवळीत ठेवली.

"दिष्टीला पिशवीभर लागत न्हाई," ती म्हणाली.

रखमाजी मिशांवरची साखर पुसायला लागला.

"कुठं खनलाय?"

"करंजाखाली."

ठमाबाईनं खाली पडलेलं खोरं उचललं. "चला. पोरं याच्या आधी बुजवून येऊ."

रस्त्यानं ती पुढं आणि तो मागं चालत होता. ओढा ओलांडताना ती मागं न वळता म्हणाली, "मेल्याची खोटी आवई उठली की आयुष्य वाढतं म्हनत्यात."

"आवई उठली कुठं? माझ्या एकट्याच्याच डोक्यात व्हती."

"तेवढी पुरं."

करंजाखाली पोचल्यावर तिनं वाकून आत बघितलं. सरळ कडा, साफ तळ. बघता बघता तिनं पदर तोंडाला लावला आणि मग लगेच काढला.

"लई खोल घेतलाय."

"बिबट्या उकरतो."

"हां."

ती काठावर बसून हातांनी माती ढकलू लागली. रखमाजी खोऱ्यानं ओढू लागला. तळ दिसेनासा झाला तेव्हा त्याला बोलता आलं.

"अगं."

"काय?"

"फोन आला ना, तवा मला आधी वाईट न्हाई वाटलं. सुटल्यागत वाटलं. आता त्याच्या तोंडावर बर्फ धराया नगं, ह्येच आलं मनात. रडू बी न्हाई आलं. आज्जा हाय का कोन हाय मी?"

ठमाबाई माती ढकलत राहिली. एक ढेकूळ फुटत नव्हतं, ते तिनं दगडावर आपटून फोडलं.

"गाडी निघाली तवा मी आत जाऊन देवापुढं हात जोडलं," ती म्हणाली. "काय मागितलं ठाव हाय?"

"काय?"

"बरं कर, न्हाईतर सोडव. दोन्ही एका दमात मागितलं. मधी श्वास बी घेतला न्हाई."

रखमाजीचं खोरं थांबलं. तिनं वर बघितलं नाही.

"हर्षालीला ह्यातलं काय बी कळायचं न्हाई," ती म्हणाली. "तुमचं बी न्हाई आन माझं बी न्हाई."

"न्हाई."

खड्डा भरला, पण माती उरली. खणलेली माती परत तेवढीच कधी बसत नाही. करंजाखाली हातभर लांबीचा एक उंचवटा झाला, आणि तो बघून दोघंही एकाच वेळी दुसरीकडं बघायला लागली. मग रखमाजीनं वरची माती खोऱ्यानं ओढून कांद्याच्या वाफ्यांत पसरली. तरी थोडा फुगवटा राहिलाच.

ठमाबाई उठली, तिनं लुगडं वर खोचलं आणि त्या जागेवर उभी राहून पायानं माती दाबायला लागली. टाचेनं, जोर लावून, घरातली जमीन चोपावी तशी. रखमाजीला ते बघवेना. "अगं, अगं," म्हणत तो दोन पावलं पुढं आला आणि तिथंच थांबला.

ती थांबली. तिनं त्याच्याकडं बघितलं.

"आवं, आत काय बी न्हाई," ती म्हणाली.

रखमाजीनं वहाणा काढून बांधावर ठेवल्या आणि तिच्या शेजारी जाऊन आपलाही पाय मातीवर ठेवला.